समोरच्याचं म्हणणं

“सात नंबर, तुमच्यासमोर अकरा नंबर,” ग्रंथपाल बाई यादीवर बोट ठेवून म्हणाल्या. त्यानं खुर्ची ओढली, बसला, चष्मा पुसून नाकावर ठेवला आणि समोर पाहिलं, तर ताई. त्याच्या बायकोची थोरली बहीण. चौदा महिने दोघांत चकार शब्द नव्हता, आणि आता मध्ये हातभर रुंदीचं टेबल. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. खरं म्हणजे तिथल्या तिथे हात वर करून सांगायला हवं होतं, कारण वाचनालयाचा नियमच होता की घरच्या माणसांना समोरासमोर बसवायचं नाही. मागे एकदा नवरा-बायकोला बसवलं होतं म्हणे. विषय होता शहरात मोटारी असाव्यात की नसाव्यात, आणि तासाभरात तो जाऊन पोचला होता कुणाच्या आईनं कुणाच्या लग्नात तोंड वाकडं केलं होतं तिथे. तेव्हापासून नियम. पण या दोघांची आडनावं वेगळी, पत्ते वेगळे, बाईंना काय स्वप्न पडणार? एका शब्दाचं काम होतं. बाईंनी त्याला उचलून खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन बसवलं असतं, तिथे टक्कल पडलेल्या एका गृहस्थाशी तो मनसोक्त भांडला असता आणि जिंकल्यासारखं वाटून घरी गेला असता. तो बोलला नाही. ताई बोलतील म्हणून वाट पाहिली, तर त्याही मूग गिळून बसलेल्या. मग त्या म्हणाल्या, “नमस्कार.” त्यानंही मान लववून म्हटलं, “नमस्कार.” झालं, नाटकाला सुरुवात झाली, आणि आता मध्येच पडदा पाडणार कोण?

रविवारी सगळ्या देशानं मत द्यायचं होतं. बरा न होणारा आजार असेल आणि माणूस शुद्धीत राहून स्वतः मागत असेल, तर डॉक्टरच्या मदतीनं मरण मिळावं का, हा प्रश्न. महिनाभर तेच चाललं होतं. बसमध्ये, दुकानाच्या रांगेत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत जिथे तो दिवसभर कवळ्या बनवत बसायचा तिथे, रेडिओवर सुद्धा. तो एकटाच रेडिओशी भांडायचा. हातात मेण, समोर कुणाचा तरी प्लास्टरचा जबडा, आणि हा त्या जबड्याला पटवून देतोय की बाबा रे, स्वतःच्या मरणावर माणसाचा हक्क नसेल तर कशावर आहे? जबडा काही बोलत नसे. वाचनालयाच्या दारावर त्यानं पाटी वाचली, ‘दोन्ही बाजूंची माणसं, एक तास, आवाज न चढवता’, आणि नाव नोंदवलं ते ऐकायला नव्हे. खिशात वर्तमानपत्राची सहा कात्रणं होती. समोर जो कोणी येईल त्याचे दात घशात घालायचे, एवढाच साधा हेतू होता. दारात बाईंनी एक खोका ठेवला होता, कोटावरचे आपली बाजू दाखवणारे बिल्ले त्यात काढून टाकायचे. ताईंनीही टाकला असणार. कुठला, ते त्याला विचारायची गरज नव्हती.

बाईंनी पद्धत सांगितली. एकानं पाच मिनिटं आपलं म्हणणं मांडायचं. मग समोरच्यानं ते आपल्या शब्दांत सांगायचं, अगदी सांगणाऱ्याचं समाधान होईपर्यंत. त्यानं ‘हेच’ म्हटलं की मगच समोरच्याची पाळी. न समजल्यास विचारायचं, पण खोडायचं नाही. “तुम्हाला पटायला हवं असं कुणीच म्हणत नाही,” बाई म्हणाल्या, “फक्त ते तुमच्या तोंडून नीट बाहेर यायला हवं.” तो मनात हसला. असले शाळकरी खेळ त्याला येत नव्हते थोडेच. पण सुरुवात करायला तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की कात्रणं खिशातच राहणार. ताईंसमोर कात्रणं कसली वाचायची? ज्या बाईनं तेहेतीस वर्षं वॉर्डात काढली, ज्या बाईनं त्याच्याच घरात, त्याच्याच बायकोच्या उशाशी चार महिने बसून काढले, तिला आकडे सांगायचे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मग तो म्हणाला, “माझ्या ओळखीत एक बाई होत्या.” आणि स्वतःच दचकला. एकोणतीस वर्षांच्या संसाराला ओळख म्हणतात हे त्याला आजच कळत होतं. ताईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “बोला,” त्या म्हणाल्या.

तो बोलला. त्या बाईंना काय आजार होता, त्या किती शुद्धीत होत्या, पोस्टमनची चूक सुद्धा शेवटपर्यंत कशी पकडत होत्या, आणि एके दिवशी दुपारी त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं की आता पुरे. ज्यांच्याकडे औषधांच्या कपाटाची किल्ली होती त्यांना सांगितलं. त्यांनी नाही म्हटलं. त्यानंतर अकरा दिवस गेले. बोलताना तो ताईंच्या डोळ्यांकडे न बघता त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता, नर्सचं घड्याळ, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. आणि आतून त्याला ते कपाट दिसत होतं, औषधांचं नव्हे, कपड्यांचं. ती गेल्यावर दीड महिन्यानं ताई आल्या होत्या, दोघांनी मिळून कपाट रिकामं करायला घेतलं होतं. ताई स्वेटरांच्या घड्या घालत होत्या, अगदी चौकोनी, इस्पितळातल्या चादरींसारख्या, आणि त्या चौकोनी घड्यांचाच त्याला एकाएकी संताप आला. “ताई, तुमची तत्त्वं तुम्हाला लखलाभ,” तो म्हणाला होता, “पण त्यांच्यापायी माझ्या बायकोचे अकरा दिवस हाल झाले. तुम्ही केलेत ते.” ताईंनी हातातला स्वेटर पूर्ण घडी करून ठेवला. मग पर्समधून त्याच्या घराची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि गेल्या. नंतर त्यानं फोन केला नाही आणि त्यांनीही नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशा वेळी बोंब कुणाच्या नावानं मारायची? पण या चौदा महिन्यांत एक गोष्ट त्याला हळूहळू कळत गेली होती, आणि ती फार वाईट होती. बायको लहानपणी कशी होती, ती कुठल्या गोष्टीला घाबरायची, रागावली की डाव्या पायावर भार देऊन का उभी राहायची, हे सांगणारं माणूस आता जगात एकच उरलं होतं. तेही गेलं तर बायको त्याच्या एकट्याच्या आठवणीएवढीच उरणार होती. आणि त्याची आठवण, खोटं कशाला बोला, दिवसेंदिवस पातळ होत होती.

“आता तुम्ही सांगा,” ग्रंथपाल बाई टेबलाशी येऊन ताईंना म्हणाल्या आणि पुढे गेल्या. ताईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. “यांचं म्हणणं असं,” त्या म्हणाल्या, “की मरणाऱ्या माणसाचा शब्द हा शेवटचा शब्द असायला हवा. त्या बाई वेड्या नव्हत्या, कुणाच्या दबावाखाली नव्हत्या. आयुष्यभर त्यांचं सगळं त्यांनीच ठरवलं, आणि नेमकी ही एक गोष्ट दुसऱ्याच्या हातात गेली. का, तर किल्ली त्या दुसऱ्या बाईकडे होती म्हणून. कायदा असता तर त्यांना कुणापुढे हात पसरावे लागले नसते. मागावं लागणं हाच अपमान आहे, असं यांना वाटतं.” ताई थांबल्या. एवढ्यावर तो ‘हेच’ म्हणू शकला असता. म्हणायलाच हवं होतं. त्याच्या सहा कात्रणांत मिळून जेवढं नव्हतं तेवढं यात होतं. मागावं लागणं हाच अपमान, हे तर त्याला स्वतःलाही असं कधी सुचलं नव्हतं. पण ताईंचं संपलं नव्हतं. आवाज आणखी खाली आणून त्या म्हणाल्या, “आणि अजून एक आहे. यांनी सांगितलं नाही, पण त्यातच आहे. त्या बाईंनी यांना विचारलं नाही. दुसऱ्या कुणाला तरी विचारलं. ते कळलं तेव्हा पहिल्यांदा यांना हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची यांना लाज वाटते. म्हणून यांना असा कायदा हवाय की पुढच्या माणसावर ती वेळच येऊ नये. चुकलं असेल तर सांगा.”

खोलीत बाकीची टेबलं हळू आवाजात बोलत होती, खाली रस्त्यावर बस थांबल्याचा आणि दार उघडल्याचा आवाज आला. त्याचे कान गरम झाले. पहिला विचार आला तो असा की उठावं आणि जावं. दुसरा असा की हे हिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. तो कुणालाच बोलला नव्हता, स्वतःलाही नाही, फक्त त्या दुपारी, बायको उशीवर मान वळवून म्हणाली होती, “ताईला विचारलं मी. नाही म्हणाली ती,” तेव्हा काय विचारलं हे त्याला न सांगता कळलं होतं, आणि कळल्याबरोबर छातीतून एक दगड उतरल्यासारखं झालं होतं. मला नाही विचारलं. देवा, मला नाही विचारलं. पुढे तोच दगड त्यानं उचलून ताईंच्या अंगावर टाकला होता. आणि त्या ते जाणून होत्या. स्वेटरची घडी घालताना सुद्धा जाणून होत्या, आणि उलटून एक शब्द बोलल्या नव्हत्या. पकडलं गेल्याचा राग यायला हवा होता, पण आलं ते वेगळंच काहीतरी. तापात कुणी कपाळावर हात ठेवावा तसं बरं वाटलं. कुणाला तरी माहीत आहे. इतकं वाईट आपल्याबद्दल कुणाला तरी माहीत आहे आणि ते माणूस अजून समोर बसलंय, शांतपणे, हात टेबलावर ठेवून. “हेच,” तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं परत म्हणाला, “हेच.”

मग ताईंची पाळी. त्यांनी पाच मिनिटंही घेतली नाहीत. वॉर्डात त्यांनी काय काय पाहिलं, म्हातारी माणसं ‘मुलांना ओझं नको’ म्हणून कशी सह्या करायला तयार असतात, आज परवानगी असते तिचा उद्या रिवाज कसा होतो, असं त्या बोलल्या, जरा पाठ केल्यासारखं. तो ऐकत होता आणि मनात उत्तरं तयार करत होता. सवय जात नाही. त्यानं म्हणून दाखवलं, “यांचं म्हणणं की जीव पवित्र आहे, तो घ्यायचा हक्क कुणाला नाही.” ताई म्हणाल्या, “नाही. असं मी म्हटलंच नाही.” त्यानं पुन्हा सुरुवात केली. गैरवापर, दबाव, म्हातारी माणसं, उद्याचा रिवाज, सगळं ओळीनं सांगितलं. “हे बरोबर आहे,” ताई म्हणाल्या, “पण हे प्रचाराच्या पत्रकात पण आहे. यावर ‘हेच’ नाही म्हणणार मी.” त्यानं तिसऱ्यांदा प्रयत्न केला तो आणखी फसला. चाळीस वर्षं तो हेच काम करत आलेला. वरचा साचा येतो, खालचा साचा येतो, दोन्ही बिनचूक. पण पेशंटनं मेणाची पट्टी चावून दिलेली नसेल तर ते एकमेकांवर बसतात कसे हे कारागिरानं कितीही डोकं चालवलं तरी कळत नाही. अंदाजानं बनवलेल्या कवळ्या त्यानं परत आलेल्या पाहिल्या आहेत. दिसायला सुरेख, पण घास चावला जात नाही. ताईंचं म्हणणं तो चौदा महिने अंदाजानं बनवत होता.

“मला समजलं नाही,” तो म्हणाला. हे वाक्य त्यानं शेवटचं कधी उच्चारलं होतं कोण जाणे. “एक विचारू? त्या दुपारी काय झालं?” ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. नाटक मोडायचं की नाही हे त्या ठरवत असाव्यात. मग त्याही त्याच रस्त्यानं गेल्या. “माझ्याकडे एक पेशंट होती,” त्या म्हणाल्या. “मी तिला लहानपणापासून ओळखत होते. मी तिला नाही म्हटलं हे खरं आहे. पण ते नंतर. आधी मी हो म्हटलं. मी स्वयंपाकघरात गेले. बाटली घेतली. कपात मोजून ओतलं. माझा हात थरथरत नव्हता, आयुष्यभर तेच केलंय. कप हातात घेऊन उभी राहिले. ओट्यावर तुमचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा डबा धुऊन पालथा घातलेला होता. तो बघत उभी राहिले. तीन रात्री मला झोप नव्हती. आणि माझ्या मनात आलं की हे संपलं म्हणजे आज मला झोपता येईल. एवढंच. मग मला कळेना की हे पुरे झालंय ते तिला की मला. मी खूप विचार केला. मला ते वेगळं काढता येईना. तेहेतीस वर्षांची नर्स मी, मला येईना. मग मला एकदम आठवलं की याला कायद्यानं बंदी आहे. त्या बंदीला धरून मी तो कप मोरीत ओतला. कठड्याला धरावं तशी धरली मी ती. बाहेर आले आणि तिला म्हटलं, नाही. तिनं तोंड फिरवलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.” ताईंनी घड्याळाची तबकडी अंगठ्यानं पुसली. “ती बरोबर होती की मी, मला आजही माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की कायदा असता तर मी दिला असता, आणि गाढ झोपले असते.”

दोन दिवस. त्याला ते दोन दिवस आठवले. बहिणीबहिणींचं कशावरून बिनसलंय ते त्याला ठाऊक होतं, तरी दोघींच्या मध्ये तो खुळ्यासारखा निरोप ने-आण करत होता, “ताई विचारतायत पाणी हवं का,” “ती म्हणते नको.” तिसऱ्या दिवशी दोघींनी त्याच्याच एका मूर्खपणावरून हसायला सुरुवात केली. त्यानं तिचा पांढरा ब्लाऊज लाल टॉवेलबरोबर धुवायला टाकला होता. मग बायकोनं त्याला पलंगाशी बसवून कपडे धुवायचं यंत्र कागदावर काढून शिकवलं, प्रत्येक बटण, आणि मध्येच पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, “तुझ्यासारखा माणूस मला परत मिळाला तरी मी त्याला हे शिकवणार नाही, इतका त्रास दिलायस. पण घेईन तुलाच.” एकोणतीस वर्षांत ती असलं काही बोललेली नव्हती; बोलणाऱ्यांतली नव्हतीच ती. ती गेल्यापासून तो या एका वाक्यावर जगत होता. ते अकरा दिवसांतलं होतं. हे त्याला आज, या टेबलाशी, पहिल्यांदा दिसलं. खाल्लं ते घरचं आणि बोटं मोडली वाढणाऱ्याच्या नावानं, असला प्रकार. अर्थात नववा दिवस आणि दहावा दिवसही त्याच अकरांतले होते, आणि ते त्यानं शत्रूलाही दिले नसते. एका वाक्यानं त्या दोन दिवसांची भरपाई होत नाही. तिनं मागितलं होतं आणि तिला मिळालं नव्हतं, हे तसंच उरत होतं. दोन्ही खरं होतं. दोन्ही एकाच बाईचं होतं. तो ताईंचा विचार करत होता, कप हातात घेऊन त्याच्या पालथ्या डब्याकडे बघत उभ्या असलेल्या, आणि त्याचे डोळे भरून आले. चाळीस माणसांत त्यानं चष्मा काढून कोटाच्या टोकानं डोळे पुसले, आणि त्याला लाज वाटली नाही.

“यांचं म्हणणं,” तो सावकाश म्हणाला, “असं की थकलेल्या माणसाच्या हातात परवानगी देऊ नये. मरणाऱ्याच्या नव्हे, उशाशी बसलेल्याच्या. कारण जो खूप प्रेम करतो तो खूप थकतो, आणि मग दया कुठली आणि थकवा कुठला हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. अशा वेळी बाहेरून कुणीतरी ‘नाही’ म्हणणारं लागतं. ते ‘नाही’ कधी कधी चुकीचं असतं, हे यांना ठाऊक आहे. ज्याला ते सोसावं लागतं त्याचे हाल होतात, हेही ठाऊक आहे. त्याचं ओझं या रोज उचलतात. आणि तरीही, ते नसतं तर आपण काय केलं असतं हे माहीत असल्यामुळे, ते असावं असं यांना वाटतं.” तो थांबला. मग नियमात बसो न बसो, म्हणाला, “आणि यांना कुणीतरी एकदा म्हणालं की तुम्ही हे तत्त्वापायी केलंत. ते यांना फार लागलं. कारण तत्त्व नव्हतंच. होती ती बहीण.”

ताईंची हनुवटी थोडी हलली. मग म्हणाल्या, “हेच.”

घंटा झाली. ग्रंथपाल बाई हात चोळत आल्या. “अनोळखी माणसांचं बरं असतं बघा,” त्या कौतुकानं म्हणाल्या, “घरच्यांना बसवलं असतं तर इतक्या शांतपणे बोलले असते का?” दोघांनी माना डोलावल्या. जिन्यात येईपर्यंत दोघंही गंभीर होती, आणि पहिल्या वळणावर ताईंना हसू फुटलं, नाकातून, आवाज दाबून, अगदी त्याच्या बायकोसारखं. तोही हसला. किती दिवसांनी, ते त्यानं मोजलं नाही. गुडघ्यामुळे ताई एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरत होत्या; त्यानं कोपर पुढे केलं, त्यांनी धरलं. “रविवारी मी कायद्याच्या बाजूनंच मत देणार आहे,” तो म्हणाला. आता काहीच लपवायचं नव्हतं. “द्या की,” ताई म्हणाल्या, “मी विरोधात देणार. तुमचं ऐकून मला थोडं जड जाईल एवढंच.” “मलाही,” तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

खालच्या वळणावर त्या थांबल्या. पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढला. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन होतं. भूल देणार, वय झालेलं. इस्पितळाला एक नाव हवं होतं, काही कमी-जास्त झालं आणि पेशंटला बोलता येईना तर पेशंटच्या वतीनं बोलणारं. जुन्या कागदावर धाकट्या बहिणीचं नाव होतं. नवा कागद तीन आठवडे पर्समध्ये फिरत होता, आणि ती एक ओळ कोरी. “तुमचं घालते,” ताई म्हणाल्या. तो गडबडला. “ताई, पण मला तर तुमचं पटत नाही.” “म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “ज्याला पटतं तो माझ्या बोलण्यात स्वतःचं मिसळेल. तुम्ही मिसळणार नाही. आज ऐकलं ना मी. माझं म्हणणं माझ्याहून बरं सांगता तुम्ही.” आयुष्यात त्याला पदकं मिळाली नव्हती, पण मिळाली असती तरी त्यांचं एवढं वजन झालं नसतं. तो फार कृतज्ञ होता आणि ते सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते, म्हणून त्यानं पेन मागितलं. जिन्याच्या कठड्यावर कागद टेकवून त्यानं आपलं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, फोन लिहिला. पुढच्या रकान्याशी हात थांबला. तिथे छापलं होतं, ‘पेशंटशी नातं’. ज्या बाईमुळे ते नातं होतं ती बाई आता नव्हती. “इथे काय लिहू?” त्यानं विचारलं.

ताईंनी चष्मा वर करून रकाना वाचला. “लिहा, घरचा माणूस,” त्या म्हणाल्या. रकाना लहान होता, दोन शब्द मावेनात. त्यानं शेवटची अक्षरं समासात लिहिली.